मान दुखतेय म्हणे! इंग्लंडमध्ये व्हिपलॅशचा संशयास्पद क्लेम अंगावर आला तर काय करायचं

राउंडअबाउटच्या तोंडाशी पुढची गाडी निघाली असं वाटलं म्हणून मी ब्रेकवरचा पाय जरा सैल केला, मान उजवीकडे वळवून येणारा ट्रॅफिक बघत होते, आणि पुढची गाडी निघालीच नव्हती. टक् असा आवाज झाला, बस एवढंच. माझी नंबरप्लेट तिरकी झाली आणि त्याच्या बंपरवर माझ्या प्लेटच्या दोन स्क्रूंचे ठसे उमटले, मुगाच्या दाण्याएवढे. तो उतरला, वाकून बघितलं, म्हणाला मी ठीक आहे, नंबर देऊन ठेवू एकमेकांना. गाडीत तो एकटाच होता. नऊ आठवड्यांनी माझ्या इन्शुरन्स कंपनीचं पत्र आलं, त्या गाडीतल्या तिघांना व्हिपलॅश, म्हणजे मानेला हिसका, बसलाय आणि भरपाई हवीय म्हणून. तिघांना! बाकीचे दोघं बहुतेक डिकीत बसले असावेत.

आता एक गोष्ट सुरुवातीलाच, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ठोकली मीच होती, ते मी कधी नाकारलं नाही. पण चूक माझी असणं आणि त्या धडकेने कोणाची मान दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे नवीन आलेली आपली माणसं इथेच गडबडतात, एकदा आपली चूक मान्य केली की समोरचा जे मागेल ते द्यावंच लागणार असं समजून गप्प बसतात. तसं नाहीये. कंपनी "धडक आमच्या ग्राहकाकडून झाली, पण त्यातून इजा झाली हे आम्हाला मान्य नाही" असं अधिकृतपणे म्हणू शकते. फक्त तसं म्हणायला तिच्या हातात काहीतरी पाहिजे, आणि ते द्यायचं काम तुमचं.

व्हिपलॅश म्हणजे मानेला बसलेला हिसका. मागून धडक बसली की धड सीटबरोबर पुढे जातं, डोकं क्षणभर मागेच राहतं आणि मग झटका खातं, त्यात मानेचे स्नायू, लिगामेंट ताणले जातात. हे खरं दुखणं आहे, कोणी हसण्यावारी नेऊ नये. बऱ्याचदा त्याच क्षणी काही जाणवत नाही, काही तासांनी नाहीतर दुसऱ्या दिवशी मान आखडते, त्यामुळे "तेव्हा तर ठीक म्हणाला होता" हा एकटा मुद्दा कोर्टात फार चालत नाही. बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत बरं होतं. पण खोटेपणाला इथेच वाव मिळतो: एक्सरे नॉर्मल, एमआरआय नॉर्मल, डॉक्टरकडे फक्त पेशंटचं सांगणं. मान दुखत नाहीये हे सिद्ध करणारं मशीन अजून निघालेलं नाही.

मग कंपन्या भांडत का नाहीत, असा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर साधं गणित आहे. ३१ मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये व्हिपलॅशचे दर ठरवून दिलेत (स्कॉटलंड आणि नॉर्दर्न आयर्लंडला हे लागू नाही). तेव्हाचा दर असा: तीन महिन्यांपर्यंतच्या दुखण्याला २४० पौंड, तीन ते सहा महिने ४९५, सहा ते नऊ ८४०, नऊ ते बारा १,३२०, आणि असं वाढत दीड ते दोन वर्षांच्या दुखण्याला ४,२१५. बरोबर थोडा मानसिक त्रासही असेल तर थोडे जास्त. ३१ मे २०२५ नंतरच्या अपघातांना हे आकडे साधारण १५ टक्क्यांनी वाढवलेत. २०२१ च्या आधी एवढ्याशा दुखण्याला चार आकडी रक्कम सहज मिळायची. तर २४० पौंडांच्या क्लेमसाठी कंपनी इंजिनिअर, वकील, कोर्टाची तारीख असा खर्च कशाला करेल? देऊन टाकते आणि फाइल बंद. पैसे तिचे जातात पण रेकॉर्डवर क्लेम तुमच्या नावाने बसतो, रिन्यूअल तुमचं वाढतं. म्हणून आपलं काम काय, तर भांडणं स्वस्त करून देणं. पुरावा इतका तयार द्यायचा की नाही म्हणायला कंपनीला नुसतं एक ईमेल टाकावं लागेल.

आणि कंपन्या बिचाऱ्या असंही समजू नका. २०११ मध्ये माजी मंत्री जॅक स्ट्रॉ यांनी हा धंदा चव्हाट्यावर आणला की अपघात झालेल्या ग्राहकांची माहिती खुद्द इन्शुरन्स कंपन्याच रेफरल फी घेऊन क्लेमवाल्यांना विकत होत्या. म्हणजे एका हाताने खोटे क्लेम वाढले म्हणून रडायचं आणि दुसऱ्या हाताने तेच क्लेम करणाऱ्यांना गिऱ्हाईक पुरवायचं. एप्रिल २०१३ पासून इजेच्या क्लेममधल्या रेफरल फीवर बंदी आली. मग २०१८ चा सिव्हिल लायबिलिटी अ‍ॅक्ट आला, त्यातूनच हे दर आले, आणि मेडिकल रिपोर्टशिवाय व्हिपलॅशचा क्लेम मिटवायलाही बंदी झाली, पूर्वी फोनवरच "एवढे घे आणि विषय संपव" चालायचं. यातून वाचलेले पैसे ग्राहकांना देऊ असंही सांगितलं गेलं होतं. माझ्या प्रीमियममध्ये ते मला काही सापडले नाहीत, असो.

धडक झाली, आता पहिली पंधरा मिनिटं

थांबायचं. ओरखडा नखाएवढा असला तरी थांबायचं, नाव पत्ता द्यायचा, तो कायदा आहे (१९८८ चा रोड ट्रॅफिक अ‍ॅक्ट, कलम १७०), आणि तिथे माहितीची देवाणघेवाण झाली नाही तर २४ तासांच्या आत पोलिसांना कळवावं लागतं. कोणाला लागलंय असं वाटलं तर ९९९ (इमर्जन्सी). कोणाला लागलेलं नाही पण प्रकरण ठरवून घडवल्यासारखं वाटतंय तर १०१ (पोलिसांचा साधा नंबर).

मग फोटो. आधी लांबून, दोन्ही गाड्या आणि रस्ता एकत्र येईल असा, गाड्या हलवायच्या आधी. आपण सगळे पहिल्यांदा ओरखड्याचा क्लोजअप काढतो आणि तेवढ्यात समोरचा गाडी बाजूला घेतो, मग कोण कुठे होतं त्याचा पुरावाच उरत नाही. त्यानंतर समोरच्या गाडीच्या चारी बाजू, काचेतून सीट दिसतील अशा. कोणाच्या तोंडासमोर फोन नाचवायचा नाही, गाडीचा फोटो काढताना माणसं आपोआप येतात. माझ्या केसमध्ये हाच फोटो कामाला आला आणि तो मी काही हुशारीने काढला नव्हता, ओरखड्याचा फोटो वरच्या बाजूला थोडा जास्त आला एवढंच. मागच्या काचेतून दिसत होतं की मागच्या सीटवर या दारापासून त्या दारापर्यंत फर्निचरचा चपटा खोका आडवा टाकलाय, सीटबेल्ट लावून. तिथे माणूस काय, मांजर बसलं नसतं.

आता क्लोजअप. स्क्रूचे ठसे, तिरकी प्लेट, न उघडलेली एअरबॅग, सगळं. शेजारी नाणं नाहीतर चावी ठेवा म्हणजे ठशाचा आकार कळतो.

मग माणसं मोजा. हे वाक्य मी जाडजूड अक्षरात फ्रिजवर लावलंय. गाडीत किती जण होते, कोण कुठे बसलं होतं, पुरुष की बाई, अंदाजे वय, कोणी मान धरली का, कोणी काय बोललं. नंतर आठवेल म्हणून ठेवायचं नाही, तिथेच फोनवर स्वतःला व्हॉइस नोट करा किंवा स्वतःला ईमेल टाका, म्हणजे तारीख-वेळ आपोआप लागते. "तुम्ही सगळे ठीक आहात ना?" हे विचारा, माणुसकी म्हणून तर विचाराच, आणि उत्तर जसंच्या तसं लिहून ठेवा. कोणी साक्षीदार थांबला असेल तर त्याचा नंबर घ्या. तुमच्याच गाडीतला मित्र साक्षीदार म्हणून चालतो, पण तिऱ्हाइताची किंमत जास्त.

डॅशकॅम असेल तर घरी पोचल्या पोचल्या ती क्लिप वेगळी सेव्ह करा. डॅशकॅम जुनं रेकॉर्डिंग पुसत पुढे जातो, पत्र यायला आठवडे लागतात, आणि तोपर्यंत तुमच्या पुराव्यावर सुपरमार्केटच्या चार फेऱ्या रेकॉर्ड झालेल्या असतात.

सॉरी म्हटलं तर जगबुडी होत नाही, इथे सगळेच म्हणतात, पण "चूक माझीच, सगळं मी भरते" असं लिहून देऊ नका. आणि त्याला तोंडावर फ्रॉड म्हणू नका. एकतर तुम्ही चुकीचे असू शकता, दुसरं म्हणजे तो सावध होतो.

आणखी एक प्रकार वेगळा आहे, त्याला इथे क्रॅश फॉर कॅश म्हणतात. त्यात अपघातच ठरवून केलेला असतो. रिकाम्या रस्त्यावर पुढचा विनाकारण करकचून ब्रेक मारतो, कधीकधी ब्रेकलाइट मुद्दाम बंद केलेले असतात, राउंडअबाउट आणि स्लिप रोडवर हे जास्त चालतं कारण तिथे मागच्याचं लक्ष उजवीकडे असतं. दुसरी पद्धत म्हणजे लाइट मारून तुम्हाला "या" म्हणायचं आणि तुम्ही निघालात की येऊन ठोकायचं. खुणा काय तर समोरचा अपघाताच्या मानाने फारच शांत, डिटेल्स आधीच कागदावर लिहून तयार, आणि गाडीतले बाकीचे फुटपाथवर उभं राहून आपापल्या मानेला हात लावून बसलेले. असं दिसलं तर पोलिसांना कळवाच, आणि नंतर इन्शुरन्स फ्रॉड ब्युरोलाही कळवता येतं. सिटी ऑफ लंडन पोलिसांकडे २०१२ पासून खास इन्शुरन्स फ्रॉडसाठीच वेगळं खातं आहे, तेव्हा हे कोणी बघतच नाही असं नाही.

कंपनीला काय सांगायचं आणि गाडी का दुरुस्त करायची नाही

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी फोन करा. क्लेम करायचा नसला तरी कळवायचं, जवळपास प्रत्येक पॉलिसीत ती अट असते, "फक्त माहितीसाठी कळवतेय" म्हणायचं. माझा नवरा म्हणत होता कशाला सांगतेस, काही झालेलंच नाही, उगाच प्रीमियम वाढेल. बरं झालं ऐकलं नाही, कारण नऊ आठवड्यांनी ते पत्र आलं तेव्हा माझा त्याच दिवशीचा जबाब त्यांच्याकडे आधीच होता. पत्र आल्यावर पहिल्यांदा तोंड उघडलं असतं तर ती बनवलेली गोष्ट वाटली असती.

फोननंतर ईमेल. हे टाळू नका, फोनवरचा क्लेम हँडलर बदलतो, त्याने काय टाइप केलं तुम्हाला दिसत नाही. ईमेलमध्ये वेग किती (मी लिहिलं, उभ्या गाडीतून ब्रेक सुटला, चालण्याच्या वेगापेक्षा कमी), गाडीत किती जण, कोण काय बोललं, फोटो जोडले. आणि पत्र आल्यावर दुसरा ईमेल, त्यात स्पष्ट वाक्य: "या क्लेमच्या खरेपणाबद्दल मला शंका आहे, ही फाइल तुमच्या फ्रॉड टीमकडे पाठवावी, आणि माझं म्हणणं ऐकल्याशिवाय इजेची जबाबदारी मान्य करू नये." इंग्रजी साधं असलं तरी चालतं, वकिली भाषा लागत नाही.

घाई का, तर हे क्लेम बहुतेक ऑफिशियल इंज्युरी क्लेम नावाच्या ऑनलाइन पोर्टलवरून येतात आणि तिथे तुमच्या कंपनीला उत्तर द्यायला ३० कामाचे दिवस मिळतात. शिवाय धडक इतकी हळू होती की इजा होणंच शक्य नाही असा बचाव घ्यायचा असेल, त्याला लो व्हेलॉसिटी म्हणतात, तर २००६ च्या केसी विरुद्ध कार्टराइट निकालानुसार कंपनीने क्लेमचं पत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत तसं कळवायला हवं. हँडलरला या केसचं नाव सांगितलं की त्याचा आवाज बदलतो, स्वतः अनुभवलंय.

आणि गाडी लगेच दुरुस्त करू नका. आपली सवय असते, ओरखडा दिसला की पॉलिश करून मोकळं व्हायचं. पण तुमच्या बंपरवर नुकसान नसणं हाच तुमचा पुरावा आहे. कंपनीला विचारा, इंजिनिअर बघणार आहे का, "नाही" असं लेखी उत्तर आलं की मग गॅरेजला न्या. समोरच्या गाडीचीही तपासणी मागा, कारण कधीकधी तिच्यावर जुन्याच कुठल्या अपघाताचं नुकसान तुमच्या नावावर चढवलेलं असतं.

समोरच्याला फोन नाही, मेसेज नाही, त्याच्या फेसबुकवर जाऊन "मान दुखतेय ना, मग जिममध्ये काय करतोस" अशी कॉमेंट तर अजिबात नाही. काही जाहीर दिसलं तर कंपनीला कळवा, बाकी त्यांचं काम.

कुठल्या शंकेला किती दम असतो तेही सांगते. गाडीत नसलेला प्रवासी, हे सगळ्यात सोपं, तो होता किंवा नव्हता. धडक फारच हळू होती, हे मधलं, इंजिनिअर लागतो आणि मान प्रत्येकाची वेगळी असते. "दुखलं असेल पण एवढं नाही" हे सगळ्यात अवघड, तिथे शक्ती घालवू नका. हल्ली मानेबरोबर गुडघा, मनगट असंही जोडलेलं दिसतं, कारण ठरलेले दर फक्त मान, पाठ, खांद्याच्या सॉफ्ट टिश्यूला आहेत, बाकीच्या इजेचे पैसे वेगळे मोजले जातात, आणि मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने दोन्ही रक्कम एकत्र करून मग दुहेरी मोजणी वजा करायची अशी पद्धत ठरवून दिली. म्हणून फोटोत माणूस कसा चालतोय, वाकतोय हे दिसत असेल तर तेही ठेवा.

केस कोर्टात गेलीच तर तुम्ही साक्षीदार. जे पाहिलं तेवढंच सांगायचं, "पाहिलं नाही" म्हणायला लाजायचं नाही. २०१५ च्या क्रिमिनल जस्टिस अँड कोर्ट्स अ‍ॅक्टच्या कलम ५७ नुसार क्लेम करणारा मुळातच अप्रामाणिक निघाला तर त्याचा सगळा क्लेम, खऱ्या भागासकट, सहसा फेटाळला जातो. पण वजन तुमच्याही शब्दाला तेवढंच, तुम्ही खोटा जबाब दिलात तर कोर्टाचा अवमान तुमच्यावरही येतो.

कंपनीने तुमचं न ऐकता पैसे देऊन टाकले तर? पॉलिसीत तिला तो हक्क बहुधा असतोच. तरी लेखी तक्रार करा, आठ आठवड्यांत अंतिम उत्तर नाही किंवा पटलं नाही तर फायनान्शियल ऑम्बुड्समनकडे (बँक-इन्शुरन्सच्या तक्रारी ऐकणारी स्वतंत्र संस्था) जाता येतं, फुकट. ते क्लेम खरा की खोटा ठरवत नाहीत, कंपनीने नीट चौकशी करून निर्णय घेतला का एवढं बघतात. तुम्ही पाठवलेल्या ईमेलला कोणी उत्तरच दिलेलं नसेल तर तिथे तुमची बाजू भक्कम होते. आणि प्रोटेक्टेड नो क्लेम्स (क्लेम न केल्याबद्दलचा डिस्काउंट शाबूत ठेवणारं कव्हर) घेतलंय म्हणून निवांत राहू नका, डिस्काउंटची टक्केवारी तेवढीच राहते, ज्या मूळ प्रीमियमवर ती लागते तो वाढतो.

आणि मान तुमचीच दुखत असेल तर

मग बिनधास्त क्लेम करा, तुमचा हक्क आहे. जीपीला (आपल्या फॅमिली डॉक्टरला) दाखवा म्हणजे नोंद होते. ते ऑफिशियल इंज्युरी क्लेम पोर्टल वकिलाशिवाय स्वतः वापरता येतं, फी नाही, आणि साधारण तीन वर्षांची मुदत असते. वकील घेतलात तर छोट्या क्लेममध्ये त्याची फी बहुधा तुमच्याच पैशांतून जाते. "तुमचा अपघात झाला होता ना" म्हणून अचानक येणारे फोन मात्र कट करा, तुमच्या परवानगीशिवाय क्लेम कंपन्यांनी असे फोन करायला २०१८ पासून बंदी आहे.

एक ओळखीतले दादा मला म्हणाले होते, अगं तूही टाक ना क्लेम, मान कोण बघतंय, सगळेच घेतात. दादा, कंपन्या प्रत्येकाचे जुने क्लेम एकाच डेटाबेसमध्ये बघतात, आणि फ्रॉडचा गुन्हा सिद्ध झाला तर इमिग्रेशनच्या प्रत्येक फॉर्मवर तो लिहावा लागतो. अडीचशे पौंडांसाठी आयएलआर, म्हणजे इथे कायमचं राहण्याचा परवाना, पणाला लावायचा?

माझ्या केसमध्ये पुढे काय झालं, तर खोक्याचा फोटो गेल्यावर दोन प्रवाशांचे क्लेम गुपचूप मागे घेतले गेले. ड्रायव्हरचा क्लेम कंपनीने भरला, २४० पौंड, जुन्या दराने. कदाचित त्याची मान खरंच दुखली असेल, मी काही सांगू शकत नाही. रिन्यूअलच्या फॉर्मवर बऱ्याच कंपन्या पाच वर्षांतले क्लेम विचारतात, तेव्हा एक क्लेम, एक माणूस असं लिहिते, आणि कंपनीच्या रेकॉर्डवरही तीन नाही, एकच आहे ना हे मागवून तपासलंय. स्क्रूच्या ठशांचा फोटो अजून फाइलमध्ये आहे, त्याला अजून दोन वर्षं राहायचंय.